गाडी किती देत्या?

निपाणीत कुणी कुणाला पगार विचारत नाही. विचारलाच तर समोरचा हसून चहा सांगतो. पण गाडी घेतली, की तिसऱ्याच दिवशी ओळखपाळख नसलेला माणूससुद्धा रस्त्यात थांबवून विचारतो, "किती देत्या?" त्याला किंमत नको असते, मॉडेल नको असतं. लिटरला किती, एवढंच. आणि इथं भलेभले, अगदी दुसऱ्यांना शपथेवर खरं बोलायला लावणारे वकीलसुद्धा, दोन-तीन किलोमीटर पदरचे घालतात. एकानं सोळा सांगितले की दुसरा अठरा सांगतो. अठरा ऐकून तिसरा वीसवर जातो. चौथा काहीच न बोलता नुसता हसतो. त्याची गाडी डिझेलची असते.

यात सगळीच थाप असते असं नाही. थोडा भूगोलही असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, निपाणी सहाशेच्या. मध्ये पंचाहत्तरेक किलोमीटरचा हायवे, ज्याला सरकारी कागदावर एनएच ४८ होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक एनएच फोरच म्हणतात. वाटेत तवंदी आणि वंटमुरी हे दोन घाट. म्हणजे निपाणीहून सकाळी कामाला निघालेली गाडी बेळगावला पोचेपर्यंत निव्वळ दीडशे मीटर वर उचलली जाते आणि संध्याकाळी तेवढीच खाली येते. बाराशे किलोचा ऐवज दीडशे मीटर उचलायला, इंजिन वाया घालवतं ती उष्णता हिशेबात धरली तरी, पाव लिटरच्या आतच पेट्रोल लागतं. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यानं जाताना पंधरा पडलेली गाडी येताना सोळा-साडेसोळा पडते. चारचौघांत सांगायचा आकडा कुठला, हे कुणाला शिकवावं लागत नाही. निपाणीकर परतीचा सांगतो, बेळगावकर सकाळचा. दोघांची गाडी उतारावरच असते.

आता गाडीचं थोडं. हायवेवर रोज ये-जा करणाऱ्यांत सध्या छोट्या एसयूव्हीचं पेव फुटलंय. त्यामागं एक टेप आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं आणि कंपन्यांनी टेप हातात घेतली ती घेतलीच. ब्रेझा ३९९५ मिलिमीटर, व्हेन्यू ३९९५, सॉनेट ३९९५. चार हजारांतले पाच मिलिमीटर तेवढे सरकारसाठी सोडलेत. लांबी अडली म्हणून उंची वाढली, नाक सपाट झालं, चाकं जाड झाली. समोरून बघितलं तर जंगलात निघालेली गाडी, मागून बघितलं तर कुणीतरी दार लावताना घाई केलेली. ही उभी भिंत हवेत ढकलायची म्हणजे पेट्रोल लागणारच. पण आमच्या भागातल्या गिऱ्हाइकाला बसायला ट्रॅक्टरएवढं उंच पाहिजे, शिवारातल्या पाणंदीत खालून घासायला नको, आणि ॲव्हरेज मात्र अल्टोचं पाहिजे.

तिन्ही मिळतील असं कंपनीचं माहितीपत्रक सांगतं. त्यावरचा आकडा येतो एआरएआयसारख्या संस्थेतून. १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ही संस्था गाडी रोलरवर उभी करते. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. आखून दिलेल्या चढउताराप्रमाणं वेग वाढवायचा, कमी करायचा. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून एका गाडीची दुसरीशी तुलना करायला हा आकडा उत्तम. पण आमचे दाजी म्हणतात ते खोटं नाही: "त्या गाडीत मागं बायको-पोरं बसलेली नसत्यात."

दाजींची ओळख करून द्यायला हवी. ते राहतात निपाणीत आणि नोकरीला बेळगावच्या उद्यमबागेत. उद्यमबाग म्हणजे इंजिनाचे भाग ओतणारं, कातणारं, घासणारं एक अख्खं गाव. त्यामुळं या भागात इंजिनाविषयी सल्ला देणारा माणूस नुसता हवेत बोलत नाही. त्यानं सकाळी खरोखरच कुठल्यातरी गाडीचा एखादा अवयव हातात धरलेला असतो. म्हणून त्याच्याशी वाद घालता येत नाही.

दाजी ॲव्हरेज काढतात ते टाकी टू टाकी. पद्धत बरोबर आहे. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा लाडावलेलाच असतो. तेव्हा टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. अडचण 'काठोकाठ' या ठिकाणी येते. पंपावरचं पिस्तूल खट्कन बंद झालं की साधी माणसं पैसे देतात. दाजी खाली उतरतात, गाडीच्या मागच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावतात आणि तिला गदागदा हलवतात. आत अडकलेली हवा बुडबुडे काढत वर येते, मग आणखी थोडं बसतं, मग पुन्हा हलवतात. मागं रांग. पंपावरचं पोरगं आधी "झिरो नोड्री" म्हणून मोकळं झालेलं असतं, आता तेही गाडीला हात लावतं. एकदा एक लग्नाची गाडी या कार्यक्रमामुळं खोळंबली, तर वऱ्हाडातले दोघं मदतीला आले. एवढं करून पुढच्या वेळी पोरानं दोन घोट कमी भरलं, की दाजींचं ॲव्हरेज एकदम एकोणीसवर जातं आणि घरी शिरा होतो.

पंपावरच्या इतर श्रद्धा लवकर आटपतो. पाचशेचं पेट्रोल घ्यायचं नाही, पाचशे दहाचं घ्यायचं, कारण गोल आकड्याला मशीन 'सेट' केलेलं असतं. आता निम्मा गाव पाचशे दहाचंच घेतो. ज्याला सेट करायचंच आहे, त्याला तो आकडा कळायला काय अवघड आहे? दुसरी, भल्या पहाटे भरायचं, थंडीत पेट्रोल दाट असतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पहाटे उठणाऱ्याला.

पण सीमाभागातलं खरं शास्त्र आहे ते कुठल्या राज्यात भरायचं याचं. कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, हे इथलं पोर मुळाक्षरांआधी शिकतं. सीमेवरची कोगनोळी ओलांडली की पंप सुरू होतात आणि कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या आपोआप डावीकडं वळतात. सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून. पेट्रोलच्या टाकीनं मात्र कधीच निकाल लावून टाकलाय, आणि तिला भाषिक अस्मिता बिलकूल नाही. पुढं जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं विक्रीकर वाढवला, पेट्रोल लिटरमागं तीन रुपयांनी आणि डिझेल साडेतीन रुपयांनी महागलं, तेव्हा दोन्हीकडच्या दरातलं अंतर आटलं. बेंगळुरूत विरोधकांनी निदर्शनं केली. कोल्हापुरात काहींना घरचं कुणी गेल्याचं दुःख झालं.

अंतर आटलं तरी सवय आटत नाही. समजा, लिटरमागं दोन रुपये वाचतात आणि टाकीत पस्तीस लिटर मावतं. सत्तर रुपये फायदा. त्यासाठी कोल्हापुरातून कोगनोळीला येऊन परत जायचं म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर, पंधराच्या ॲव्हरेजनं चारेक लिटर. हा हिशेब कुणालाही मांडून दाखवला की उत्तर ठरलेलं: "तसं नव्हं ओ, आलोच होतो ना इकडं." कशाला आला होता, हे विचारायचं नसतं. टोलच्या वार्षिक पासचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजारांत २०० फेऱ्यांचा फास्टॅग पास निघाला. रोज जाणाऱ्याला तो खरोखरच फायद्याचा. पण दाजींनी तो काढल्यापासून रविवारीही त्यांना बेळगावात काम निघतं. "पैसे भरलेत की. कुंदा तरी आणू या." कुंदा येतो, नऊ-दहा लिटर पेट्रोल जातं, आणि हत्तरगीच्या नाक्यावर फाटक उघडलं की 'फुकट' गेल्याचा आनंद दाजींच्या तोंडावर पसरतो तो बघण्यासारखा असतो.

परतीला तवंदीचा उतार लागला, की दाजींचा डावा हात गिअरवर जातो. "आता बघ, फुकटात पळत्या." आणि गाडी न्यूट्रलमध्ये. हा सल्ला कार्बोरेटरच्या काळातला आहे, फियाट आणि ॲम्बॅसडरच्या. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो. थेंब नाही. उलट न्यूट्रलमध्ये टाकली, की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे ते पेट्रोल पीत बसतं. वर सगळं ओझं ब्रेकवर, ब्रेक तापतात, आणि तवंदीच्या उतारावर ब्रेक तापून कामातून गेलेल्या ट्रकांच्या बातम्या निपाणीकरांना नव्या नाहीत.

हे दाजींना माझ्या गाडीत प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. पडद्यावर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं, ते लावून ठेवलं. "दाजी, आता गिअरमध्येच असू द्या, नुसता पाय काढा." त्यांनी काढला. आकडा चढत चढत थेट शेवटाला, ९९.९ वर जाऊन टेकला. "आता न्यूट्रल टाका." आकडा घसरून पन्नास-साठात आला. घाट संपेपर्यंत दाजी गप्प होते. निपाणीचा फाटा दिसायला लागला तसे म्हणाले, "स्क्रीन बिघडल्या तुझी. उद्यमबागेत एक पोरगा हाय, त्याला दाखव." पुढं असंही म्हणाले, की ते तीस वर्षं गाडी चालवतात. आपल्याकडं कुठल्याही तांत्रिक वादात 'तीस वर्षं' हे शेवटचं अपील असतं. त्याच्या वर कोर्ट नाही.

नोव्हेंबर उजाडला, की हे सगळं शास्त्र एका ट्रॅक्टरमागं येऊन थांबतं. या भागात सहकारी आणि खासगी मिळून इतके साखर कारखाने आहेत, की गळीत हंगामात हायवे हा कारखान्याचाच एक पट्टा वाटावा. ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागच्या दिव्याच्या जागी लाल फडकं, आणि डेकवर इतक्या मोठ्यानं लावलेली गाणी, की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. एक ट्रॅक्टर असेल तर हरकत नसते, हायवे रुंद आहे. पण तवंदीच्या चढावर ताशी बारानं चाललेल्या ट्रॅक्टरला ताशी तेरानं चाललेला दुसरा ट्रॅक्टर ओव्हरटेक करायला घेतो. दोघांची शर्यत घाटाच्या माथ्यापर्यंत चालते. मधूनच दोघं एका रेषेत येतात, तेव्हा तंबाखूची देवाणघेवाणही होते. निपाणीचा भाग आहे, ते चालायचंच. मागं आमच्यासारख्यांच्या तीस-चाळीस गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय, एसी चालू, आणि पडद्यावर आकडा चार, साडेचार. सकाळपासून हवा तोलून, पाय जपून कमावलेलं त्या दोन किलोमीटरांत जातं.

गंमत अशी, की ज्या उसानं अडवलं तोच उद्या टाकीत येणार असतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा सरकारी कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं लिटरमागं ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय, की दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांवर सहा-सात टक्के घटेल. म्हणजे सोळाची गाडी पंधरावर. नव्या, त्यासाठीच जुळवलेल्या गाड्यांत ही घट पुष्कळ कमी. पुण्या-मुंबईत यावरून लोक तावातावानं बोलतात. आमच्याकडं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कारण 'इथेनॉलनं वाट लावली' असं टपरीवर म्हणणाऱ्या माणसाची स्वतःची दोन एकर लावण असते, आणि कारखान्यानं इथेनॉलच्या जिवावर दर वाढवून द्यावा हे त्याचंच म्हणणं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टनाला साडेतीन हजार मागितले, रास्ता रोको झाले, शेवटी सरकारनं ३३०० वर तोड काढली. त्या गर्दीत अडकलेल्या गाड्यांत एक गृहस्थ एसी लावून बसले होते आणि आंदोलनाला पाठिंबा देत होते. खिडकी उघडून त्यांनी हात वर केला, घोषणा दिली, खिडकी लावली. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर खातं. त्या दिवशी त्यांना टनामागं काय मिळालं आणि लिटरमागं काय गेलं, याची बेरीज ते अजून कुणाला सांगत नाहीत.

आता औषधाकडं येतो. औषध जुनं आहे आणि कडूही नाही. फक्त ते घेताना चारचौघांत लाज वाटते. सावकाश चालवायचं. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीला जेवढी हवा अडवते, त्याच्या दीडपटीहून जास्त शंभरला अडवते. आणि आपली गाडी म्हणजे तर उभी भिंत. पेट्रोल वाचवायचा सल्ला देणारी पीसीआरए ही सरकारी संस्था कित्येक वर्षं ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आली. तेवढ्यानं हायवेवर गेलं तर वायव्य कर्नाटकची बस मागून असा हॉर्न देते, की आपण तिच्या स्टँडवर गाडी लावलीय. पण सत्तर-ऐंशी, वरचा गिअर, पुढचं बघून वेळेत पाय काढणं, एवढ्यानं रोजच्या गाडीत दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. इंजिन ऑईल, पावडरी, बॉनेटमध्ये बसवायचे लोहचुंबक या सगळ्यांहून जास्त.

निपाणी ते बेळगाव, घाट आणि ट्रॅक्टर सोडून, शंभरनं गेलं तर पाऊण तास. ऐंशीनं गेलं तर छप्पन्न मिनिटं. अकरा मिनिटांचा प्रश्न आहे. ही अकरा मिनिटं वाचवायला आमचा माणूस रोज अर्धा-पाऊण लिटर जास्त जाळतो, दोनदा शिव्या खातो, आणि संकेश्वरला चहाला थांबतो. चहा कट, पण बैठक फुल. तिथं ती अकरा मिनिटं आणि वरची आणखी दहा खर्च होतात, आणि विषय एकच: गाडी ॲव्हरेज देत नाही. कंपनी बदनाम होते, इथेनॉल बदनाम होतं, पंपवाला बदनाम होतो. "खरं, तू चालवतोस कितीनं?" असं कुणी विचारलंच तर उत्तर येतं, "नेहमीसारखंच की." मग सगळे घड्याळ बघून एकदम उठतात, कारण उशीर झालेला असतो.

डिकीचं थोडक्यात. रोज एकट्यानं ऑफिसला जाणाऱ्या गाडीची डिकी बघून ठेवा. संकेश्वरी मिरचीचं अर्धं पोतं, गुळाची ढेप, बहिणीकडं द्यायचे नारळ, जोतिबाच्या यात्रेतली सतरंजी आणि दोन वर्षांपूर्वीच्या बारशाचा रिकाम्या पातेल्यांचा सेट. पन्नास किलोला टक्काभर ॲव्हरेज कमी होतं असं धरतात. काढायला सांगितलं तर घरून जबाब मिळतो, "असू दे, घाटात गाडी दाबून धरत्या." छतावरच्या कॅरिअरविषयी बोलायची माझी हिंमत झालेली नाही. ते सासऱ्यांनी दिलंय.

सगळ्यांत स्वस्त उपाय टायरमधल्या हवेचा. हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त चिकटून घासत जातो. पाच-सात पौंड कमी असले तर टक्का-दीड टक्का पेट्रोल तिथंच जातं आणि टायर कडेनं खाल्ला जातो. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. भरायची ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघाल्या निघाल्या. पंपावर फुकट हवा ही सोय ठरलेलीच आहे. पण फुकट म्हणून मशीनवर पोतं, आणि पोत्यावर मांजर. पंक्चरच्या दुकानात गेलं तर तो न विचारता चाळीस ठोकतो. "तेहतीस सांगितले होते की." "वरचे सात प्रवासात निघून जात्यात, सावकार. ॲव्हरेज बघा कसं येतंय." तो चूक म्हणावा तर गाडी खरंच हलकी पळते, फक्त खड्ड्यात दात वाजतात आणि पावसात रस्ता नीट धरत नाही.

म्हणून परवा पुन्हा पंपावरच गेलो. मशीनवर पोतं नव्हतं, मांजरही नव्हतं. नळी मात्र गुंडाळून खुंटीला टांगलेली.

"हवा आहे का?"

पोरगं मोबाईलमधून मान वर न काढता म्हणालं, "होती ओ. सकाळी एक दाजी आलते, सगळी घेऊन गेले."